बांधकाम पद्धतींचे पर्यावरणीय मूल्यांकन

बांधकाम पद्धतींचे पर्यावरणीय मूल्यांकन म्हणजे इमारत उभारताना, वापरताना आणि अखेरीस पाडताना हवा, पाणी, जमीन, खनिजसंपत्ती व हवामान यांवर होणाऱ्या परिणामांचे मोजमाप करून पर्यायी पद्धतींची तुलना करण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत कच्च्या मालाच्या उत्खननापासून राडारोड्याच्या विल्हेवाटीपर्यंतचा संपूर्ण कालखंड विचारात घेतला जातो. त्यामुळे तिला इमारतीचे जीवनचक्र मूल्यांकन असेही म्हणतात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील ऊर्जा व औद्योगिक प्रक्रियांमधून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात इमारतींचा व त्यांच्या बांधकामाचा वाटा सुमारे ३७ टक्के होता. यातील एक भाग दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे, लिफ्ट, पाण्याचे पंप अशा दैनंदिन वापरातून निर्माण होतो. दुसरा भाग सिमेंट, पोलाद, विटा, काच, ॲल्युमिनियम इत्यादी साहित्याच्या निर्मितीतून येतो. पहिला भाग वीजबिलात दिसतो. दुसरा भाग रहिवासी घरात पाऊल ठेवण्यापूर्वीच वातावरणात गेलेला असतो आणि नंतर कोणत्याही उपायाने परत घेता येत नाही. कोणतीही बांधकाम पद्धत स्वभावतःच पर्यावरणपूरक किंवा घातक नसते. तिच्याविषयीचा निष्कर्ष हिशेबात कोणते टप्पे धरले, इमारतीचे आयुष्य किती मानले आणि तुलना कोणत्या निकषावर केली यांवर अवलंबून असतो.

संज्ञा

अंतर्भूत ऊर्जा: साहित्याचे उत्खनन, निर्मिती, वाहतूक आणि प्रत्यक्ष बांधकाम यांसाठी खर्च झालेली एकूण ऊर्जा. ती सामान्यतः मेगाज्यूल किंवा गिगाज्यूल या एककांत सांगितली जाते.

अंतर्भूत कार्बन: वरील टप्प्यांत तसेच दुरुस्ती व पाडकाम यांत उत्सर्जित झालेले हरितगृह वायू. मिथेनसारख्या इतर वायूंचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य वजनात रूपांतरित करून मोजला जातो.

वापरातील ऊर्जा: इमारत वापरात असताना प्रकाश, थंडावा, उष्णता, पाणी व उद्वाहन यांसाठी लागणारी ऊर्जा.

प्रणालीची सीमा: हिशेबात धरलेल्या व वगळलेल्या टप्प्यांची स्पष्ट आखणी.

कार्यात्मक एकक: तुलनेचे समान माप. उदा. ‘भूकंप व आगीविषयीच्या मानकांची पूर्तता करणाऱ्या, ५० वर्षे वापरल्या जाणाऱ्या निवासी इमारतीचे १ चौरस मीटर क्षेत्रफळ’.

इतिहास

अमेरिकेत १९६९ मध्ये संमत झालेल्या व १ जानेवारी १९७० पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने मोठ्या शासकीय प्रकल्पांच्या परिणामांचा पूर्वअभ्यास बंधनकारक केला. प्रकल्पाच्या जागेवर व परिसरावर होणाऱ्या परिणामांचा विचार करण्याची परंपरा येथून सुरू झाली. वस्तूच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडण्याची परंपरा मात्र वेगळी आहे. कोकाकोला कंपनीसाठी १९६९ मध्ये पेयांच्या बाटल्या व डब्यांचा तुलनात्मक अभ्यास करण्यात आला. तो जीवनचक्र मूल्यांकनाच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो. १९७३ च्या तेलसंकटानंतर बांधकाम साहित्यात किती ऊर्जा दडलेली असते या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष वळले.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९७ मध्ये जीवनचक्र मूल्यांकनासाठी आयएसओ १४०४० हे मानक प्रसिद्ध केले आणि २००६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. इमारतींपुरती नेमकी पद्धत ईएन १५९७८ या युरोपीय मानकाने २०११ मध्ये घालून दिली. भारतात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ रोजी निघाली. मोठे बांधकाम प्रकल्प तिच्या कक्षेत २००४ मध्ये आणले गेले. पुढे १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ही संपूर्ण व्यवस्था नव्याने आखली.

मूल्यांकनाची कार्यपद्धती

जीवनचक्र मूल्यांकन चार पायऱ्यांत केले जाते. प्रथम उद्दिष्ट व व्याप्ती निश्चित केली जाते. त्यानंतर लागणारे साहित्य, इंधन, वीज, पाणी आणि बाहेर पडणारे वायू, सांडपाणी व कचरा यांची यादी केली जाते. तिसऱ्या पायरीत या यादीचे रूपांतर परिणामांत होते आणि चौथ्या पायरीत निष्कर्षांचा अर्थ लावून त्यांची विश्वासार्हता तपासली जाते.

इमारतीच्या जीवनचक्राचे टप्पे

ईएन १५९७८ नुसार इमारतीचे आयुष्य पुढील टप्प्यांत विभागले जाते:

ए१ ते ए३: कच्च्या मालाचे उत्खनन, कारखान्यापर्यंतची वाहतूक व साहित्याची निर्मिती.
ए४ व ए५: बांधकामस्थळापर्यंतची वाहतूक व प्रत्यक्ष उभारणी.
बी१ ते बी७: वापर, देखभाल, दुरुस्ती, भाग बदलणे, नूतनीकरण, ऊर्जेचा वापर व पाण्याचा वापर.
सी१ ते सी४: पाडकाम, राडारोड्याची वाहतूक, त्यावरील प्रक्रिया व अंतिम विल्हेवाट.
डी: पुनर्वापर वा पुनर्चक्रीकरणामुळे इमारतीच्या आयुष्याबाहेर होणारा लाभ. हा स्वतंत्र दाखवला जातो. मूळ बेरजेतून वजा केला जात नाही.

पुष्कळ उत्पादने केवळ ए१ ते ए३ या टप्प्यांच्या आकड्यांवर पर्यावरणपूरक म्हणून विकली जातात. लांबून आणावा लागणारा हलका ठोकळा, लवकर बदलावे लागणारे आवरण किंवा पाडकामानंतर वेगळे न करता येणारे संमिश्र पटल यांचे खरे मोल पुढच्या टप्प्यांत कळते.

परिणामांचे प्रकार

हवामानबदल हा परिणामाचा सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रकार असला तरी तो एकमेव नाही. आम्लीकरण, जलाशयांतील पोषकद्रव्यांची अतिवाढ, ओझोन थराचा क्षय, धुरके, खनिजसाठ्यांचा ऱ्हास, पाण्याचा उपसा आणि जमिनीच्या वापरातील बदल यांचेही मोजमाप केले जाते. वातानुकूलन यंत्रांतील गळती हा त्यातील एक दुर्लक्षित घटक होय. आर-४१०ए या शीतकाची तापमानवाढ करण्याची क्षमता त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,१०० पट, तर आर-३२ ची सुमारे ६७५ पट आहे.

प्रमुख साहित्याचे परिणाम

सिमेंट

सिमेंटचा मुख्य घटक असलेले क्लिंकर चुनखडी व माती सुमारे १,४५० अंश सेल्सियस तापमानाला भाजून तयार होते. भट्टीत चुनखडीतील कॅल्शियम कार्बोनेटचे विघटन होऊन चुना मागे उरतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या रासायनिक क्रियेतूनच १ टन क्लिंकरमागे सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. इंधनाचा धूर त्याहून वेगळा. म्हणूनच भट्टी पूर्णतः सौरऊर्जेवर चालवली तरी सिमेंटचे उत्सर्जन शून्यावर येत नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के मानला जातो.

उत्सर्जन घटवण्याचा सर्वांत सोपा मार्ग क्लिंकरचे प्रमाण कमी करणे हा आहे. औष्णिक वीजकेंद्रातील राख मिसळलेल्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख, तर झोतभट्टीतील मळी मिसळलेल्या सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी चालते. चुनखडी व भाजलेली चिकणमाती यांपासून तयार होणाऱ्या एलसी३ सिमेंटमध्ये क्लिंकर सुमारे निम्मे असते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्युबातील संशोधक आणि दिल्ली व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांनी त्याच्या विकासात भाग घेतला. चिकणमाती सुमारे ८०० अंशांपर्यंत भाजावी लागत असल्याने इंधनही कमी लागते. अशा सिमेंटसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले.

पोलाद व ॲल्युमिनियम

लोहखनिजापासून झोतभट्टीमार्गे तयार होणाऱ्या १ टन पोलादामागे साधारण २ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगार वितळवून विद्युतभट्टीत केलेल्या पोलादाचे उत्सर्जन त्याहून बरेच कमी असते, मात्र ते वीज कशापासून निर्माण झाली यावर ठरते. ॲल्युमिनियमच्या विद्युत अपघटनासाठी १ किलोग्रॅममागे सुमारे १४ ते १५ युनिट वीज लागते. त्यामुळे खिडक्यांच्या चौकटी व दर्शनी आवरण यांचे वजन कमी असूनही हिशेबातील त्यांचा वाटा मोठा असू शकतो.

विटा व ठोकळे

पारंपरिक भाजक्या विटांसाठी शेतजमिनीवरील सुपीक मातीचा थर खरवडला जातो आणि भट्टीत कोळसा, लाकूड किंवा शेतकचरा जाळला जातो. हा ऱ्हास थांबवण्यासाठी केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरातील वीटभट्ट्यांना मातीत राख मिसळणे बंधनकारक केले. महाराष्ट्रात कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे अशा वीजकेंद्रांमुळे राखेच्या विटांचा प्रसार झाला.

उच्च दाबाच्या वाफेत पक्के केलेले सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे भाजक्या विटेच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे असतात. भिंतीचे वजन घटल्याने तुळया, खांब व पाया यांतील पोलाद आणि काँक्रीटही कमी लागते. स्थिरीकृत मातीचे ठोकळे न भाजता, थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबून तयार केले जातात. केरळात काम केलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी लोकप्रिय केलेल्या पोकळ वीटबांधणीत विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली जाते. तीमुळे सुमारे पाव भाग विटा वाचतात आणि भिंतीतून आत येणारी उष्णताही कमी होते.

वाळू व खडी

काँक्रीटच्या वजनाचा सर्वाधिक भाग वाळू व खडी यांचा असतो. त्यांचा अंतर्भूत कार्बन कमी असल्याने केवळ कार्बन मोजणाऱ्या अभ्यासांत हे साहित्य निरुपद्रवी ठरते. प्रत्यक्षात नदीपात्रातील बेसुमार उपशाने काठ ढासळतात, विहिरींची पातळी खालावते व पुलांचे पाये उघडे पडतात. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ५ हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. दख्खनच्या पठारावर काळा पाषाण फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर त्यानंतर वाढला. नदीवरील ताण त्यामुळे कमी होतो. डोंगर पोखरणाऱ्या खाणी, सुरुंगांचे हादरे आणि धूळ हे नवे प्रश्न मात्र उभे राहतात.

आधुनिक बांधकाम पद्धती

भारतात आर.सी.सी. सांगाडा उभारून त्यात विटांच्या भिंती भरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाली. अलीकडे वेग व कामगारांची टंचाई या कारणांनी तिची जागा इतर पद्धती घेत आहेत. केंद्र सरकारच्या पथदर्शी गृहप्रकल्पांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत झाली. त्यांत इंदूर येथे पूर्वनिर्मित सँडविच पटले, राजकोट येथे बोगदासदृश साच्यांतील एकसंध काँक्रीट, चेन्नई येथे प्रिकास्ट भाग, रांची येथे कारखान्यात घडवलेल्या त्रिमितीय खोल्या, आगरतळा येथे हलका पोलादी सांगाडा आणि लखनौ येथे जागेवरच राहणारे साचे अशा सहा वेगळ्या पद्धती वापरण्यात आल्या.

एकसंध काँक्रीट: ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती व स्लॅब एकाच वेळी ओतले जातात. बांधकाम व्यवसायात ही पद्धत ‘मिवान’ या नावाने ओळखली जाते. साचे शंभराहून अधिक वेळा वापरता येत असल्याने लाकडी सेंट्रिंगची नासाडी टळते, शिवाय विटा व गिलावा लागत नाही. याउलट काँक्रीट व सळया अधिक लागतात आणि भिंती लवकर तापतात. १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीतून प्रत्येक चौरस मीटरमागे, आतील व बाहेरील तापमानातील प्रत्येक अंश फरकाला, सुमारे ३.८ वॅट उष्णता वाहते. हेच प्रमाण २०० मिलिमीटरच्या गिलावा केलेल्या विटांच्या भिंतीत सुमारे २.४ आणि तेवढ्याच जाडीच्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत सुमारे ०.८ असते. बांधताना वाचलेला वेळ रहिवाशाला वातानुकूलनाच्या बिलाच्या रूपाने फेडावा लागू शकतो.

प्रिकास्ट: भाग कारखान्यात ओतले जात असल्याने मोजमाप अचूक राहते, पाणी व साहित्य वाया जात नाही आणि बांधकामस्थळी धूळ व आवाज कमी होतो. अवजड भागांची वाहतूक व मोठ्या क्रेनचा वापर ही त्याची किंमत आहे. कारखान्यापासूनचे अंतर वाढत गेले की लाभ घटत जातो.

हलका पोलादी सांगाडा: पोलादाचे प्रतिकिलो उत्सर्जन जास्त असले तरी इमारतीचे एकूण वजन कमी असते. जोड नटबोल्टचे असल्यास सांगाडा सुटा करून पुन्हा वापरता येतो.

त्रिमितीय मुद्रण: बंगळूरू येथील केंब्रिज लेआउट टपाल कार्यालयाची इमारत या तंत्राने उभारण्यात आली व १८ ऑगस्ट २०२३ रोजी तिचे उद्घाटन झाले. या तंत्रात साचे लागत नाहीत, पण नळीतून सहज बाहेर पडणाऱ्या मिश्रणात मोठी खडी घालता येत नसल्याने सिमेंटचे प्रमाण सहसा वाढते.

अभियांत्रिकी लाकूड: १ किलोग्रॅम कोरड्या लाकडात झाडाने हवेतून शोषलेला सुमारे १.८ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड कार्बनच्या रूपात साठलेला असतो. नॉर्वेतील म्योसतोर्नेट ही ८५.४ मीटर उंचीची लाकडी इमारत २०१९ मध्ये पूर्ण झाली. तोडलेल्या झाडांच्या जागी नवी झाडे वाढली आणि इमारत पाडल्यावर लाकूड जाळले वा कुजू दिले नाही, तरच हा साठा खरा लाभ ठरतो.

भारतीय अभ्यास

बंगळूरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील बी. व्ही. वेंकटराम रेड्डी व के. एस. जगदीश यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अंतर्भूत ऊर्जेवरील अभ्यास या विषयातील महत्त्वाचा मानला जातो. त्यात आर.सी.सी. सांगाडा व विटांच्या भिंती असलेल्या बहुमजली इमारतीची अंतर्भूत ऊर्जा प्रति चौरस मीटर ४.२१ गिगाज्यूल, विटांच्या भारवाहक भिंतींच्या दुमजली इमारतीची २.९२ गिगाज्यूल आणि माती-सिमेंटच्या ठोकळ्यांच्या दुमजली इमारतीची १.६१ गिगाज्यूल आढळली.

या आकड्यांचा अर्थ लावताना कार्यात्मक एककाचे भान आवश्यक ठरते. दुमजली घर व बहुमजली इमारत यांचे काम सारखे नाही. जमीन दुर्मीळ असलेल्या शहरात दुमजली वस्ती पसरली, तर रस्ते, जलवाहिन्या व रोजचा प्रवास यांचा भार वाढतो. सुरक्षिततेचा निकषही तितकाच महत्त्वाचा आहे. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात दगड व मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या घरांची अंतर्भूत ऊर्जा अत्यल्प होती, परंतु भूकंपात तग धरण्याची क्षमता नव्हती. सारखी सुरक्षितता देणाऱ्या रचनांचीच तुलना ग्राह्य धरली जाते. कमी ऊर्जेचे साहित्य भूकंपरोधक पट्ट्या व बांधणीतील योग्य जोड यांसह वापरले, तरच त्याचा लाभ मोजण्यास अर्थ राहतो.

आयुर्मानाचा परिणाम

वरील अभ्यासातील बहुमजली इमारतीचा आकडा घेऊन १०० चौरस मीटरच्या घराचा उदाहरणादाखल हिशेब मांडता येतो. अशा घराची अंतर्भूत ऊर्जा ४२१ गिगाज्यूल होते. घरात वर्षाला २,५०० युनिट वीज वापरली जाते व औष्णिक केंद्रात इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जाच विजेत रूपांतरित होते असे धरल्यास, वापरासाठी दरवर्षी सुमारे २७ गिगाज्यूल इंधन-ऊर्जा लागते.

इमारत ५० वर्षे टिकल्यास वापरातील ऊर्जा १,३५० गिगाज्यूल होते व एकूण ऊर्जेत अंतर्भूत ऊर्जेचा वाटा सुमारे २४ टक्के राहतो.
इमारत ३० वर्षांतच पाडल्यास हा वाटा सुमारे ३४ टक्क्यांवर जातो.
विजेचा वापर निम्म्यावर आणला व इमारत ५० वर्षे टिकली, तर वाटा सुमारे ३८ टक्के होतो.
विजेचा वापर निम्मा असूनही इमारत ३० वर्षांत पाडली, तर निम्म्याहून अधिक ऊर्जा केवळ बांधकामात गेलेली असते.

घरे व उपकरणे जसजशी कार्यक्षम होत जातात, तसतसे बांधकाम साहित्य आणि इमारतीचे आयुष्य या दोन बाबींचे महत्त्व वाढत जाते, हे यावरून दिसते.

जतन की पुनर्बांधणी

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे आवश्यक असते. अशा तपासणीनंतर दुरुस्ती करावी की पुनर्विकास, हा निर्णय बहुधा वाढीव चटईक्षेत्र, रहिवाशांची सुरक्षितता व आर्थिक लाभ यांच्या आधारे होतो. जुन्या सांगाड्यात आधीच गुंतलेला कार्बन आणि नव्या इमारतीसाठी लागणारा कार्बन यांची तुलना या निर्णयात क्वचितच मांडली जाते. धोकादायक इमारतीबाबत पाडकामाला पर्याय नसतो. जिचे आयुष्य मजबुतीकरणाने वाढू शकते, अशा इमारतीबाबत मात्र ही तुलना निर्णायक ठरू शकते.

लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मार्क्स अँड स्पेन्सरचे दालन पाडून नवी इमारत उभारण्याचा प्रस्ताव याच मुद्द्यावर गाजला. ब्रिटिश सरकारने जुलै २०२३ मध्ये परवानगी नाकारली, मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रस्तावास मंजुरी मिळाली. जुनी इमारत राखण्याचा पर्याय पुरेसा तपासला होता का, हा या वादाचा गाभा होता.

राडारोडा व धूळ

बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी भारतात मार्च २०१६ मध्ये स्वतंत्र नियम लागू झाले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांना काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लॅस्टिक, विटा असे वर्गीकरण करून व्यवस्थापनाचा आराखडा सादर करणे त्यांनुसार आवश्यक ठरले. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने एम २५ दर्जापर्यंतच्या आर.सी.सी. कामात काँक्रीटच्या राडारोड्यापासून मिळवलेली खडी २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली. दिल्लीतील बुराडी येथे २००९ मध्ये राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला होता.

मुंबईत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. देवनार व मुलुंड येथील कचराभूमींची क्षमता संपल्याच्या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काही अपवाद वगळता नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ती सशर्त शिथिल केली. राडारोडा ठरलेल्या जागीच टाकणे ही त्यातील प्रमुख अट होती. हवेतील धुळीचे प्रमाण वाढल्याने बृहन्मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामस्थळांभोवती उंच पत्रे उभारणे, इमारत हिरव्या कापडाने झाकणे, पाण्याची फवारणी करणे व झाकलेल्या वाहनांतूनच राडारोडा नेणे अशा सूचना लागू केल्या.

कायदेशीर चौकट

भारत

२००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्व पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. १,५०,००० चौरस मीटर किंवा ५० हेक्टर व त्यापुढील नगरवसाहती वेगळ्या गटात मोडतात. पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा, वाहतूक, झाडे, पर्जन्यजल व ऊर्जा यांचा विचार मंजुरीच्या वेळी केला जातो. या अधिसूचनेत अंतर्भूत कार्बनवर संख्यात्मक मर्यादा नाही. तसेच २०,००० चौरस मीटरखालील असंख्य लहान इमारती तिच्या कक्षेबाहेर राहतात.

वापरातील ऊर्जेसाठी व्यावसायिक इमारतींना २००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता व तिची २०१७ ची सुधारित आवृत्ती, तर निवासी इमारतींना २०१८ ची इको-निवास संहिता मार्गदर्शक ठरली. निवासी इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा तिने थंड प्रदेश वगळता प्रति चौरस मीटर १५ वॅट अशी ठेवली. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने संहितेची व्याप्ती शाश्वत इमारतींपर्यंत वाढवली.

युरोप

फ्रान्समध्ये २०२२ पासून नव्या निवासी इमारतींसाठी जीवनचक्रातील कार्बनची मर्यादा लागू झाली. डेन्मार्कने १ जानेवारी २०२३ पासून १,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींसाठी ५० वर्षांच्या कालावधीवर आधारित, प्रति चौरस मीटर प्रतिवर्ष १२ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड-तुल्य अशी मर्यादा घातली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार १,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींसाठी २०२८ पासून आणि सर्व नव्या इमारतींसाठी २०३० पासून जीवनचक्रातील उत्सर्जन जाहीर करणे बंधनकारक होणार आहे.

हरित मानांकन

ब्रिटनमधील ब्रीम ही मानांकन पद्धत १९९० मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील लीड पद्धत त्याच दशकात आली. भारतीय हरित इमारत परिषदेची स्थापना २००१ मध्ये झाली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते २००४ मध्ये झाले. लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळवणारी ती भारतातील पहिली इमारत होय. टेरी या संस्थेने केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या सहकार्याने ‘गृह’ हे भारतीय मानांकन विकसित केले.

मानांकन हे जीवनचक्र मूल्यांकनाला पर्याय नाही. गुणपद्धतीत पाणी, जागा, ऊर्जा, साहित्य, आरोग्य अशा भिन्न बाबींचे गुण एकत्र केले जातात. त्यामुळे एका बाबीतील उणीव दुसऱ्या बाबीतील गुणांनी झाकली जाऊ शकते. शिवाय अनेक मानांकने आराखड्याच्या आधारे दिली जातात, तर प्रत्यक्ष ऊर्जावापर रहिवाशांच्या सवयींवर ठरतो.

मर्यादा

मूल्यांकनाचा दर्जा आकडेवारीच्या दर्जावर अवलंबून असतो. स्वित्झर्लंडमधील इकोइन्व्हेंट किंवा ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात तयार झालेली आकडेवारी भारतात जशीच्या तशी वापरल्यास निष्कर्ष चुकू शकतात, कारण येथील वीज मुख्यतः कोळशापासून निर्माण होते आणि वीटभट्ट्यांचे प्रकारही वेगळे आहेत.

परिणामांची वाटणी हा दुसरा प्रश्न आहे. राख व मळी हा टाकाऊ पदार्थ मानल्यास त्यांच्या वाट्याला जवळजवळ शून्य उत्सर्जन येते. उपउत्पादन मानल्यास वीजकेंद्राच्या वा पोलाद कारखान्याच्या धुराचा काही भाग इमारतीच्या खात्यावर पडतो. कोळशाचा वापर घटत गेल्यास राखेचा पुरवठाही आटेल. त्यामुळे आजचा निष्कर्ष उद्या टिकेलच असे नाही.

तिसरी मर्यादा वेळेविषयीची आहे. मूल्यांकन अनेकदा आराखडा पक्का झाल्यावर, केवळ मंजुरी वा मानांकनासाठी केले जाते. खांबांमधील अंतर, मजल्यांची उंची, तळघरांची संख्या व वाहनतळाचे क्षेत्र असे साहित्याचे प्रमाण ठरवणारे निर्णय तोपर्यंत झालेले असतात. मूल्यांकनाचा सर्वाधिक उपयोग पहिल्या रेखाटनाच्या टप्प्यावर होतो. इमारत उभारणे आवश्यक आहे का आणि जुनी राखता येईल का, हे प्रश्न त्याच टप्प्यावर विचारता येतात.

हे सुद्धा पहा

पर्यावरणीय आघात मूल्यांकन
हरित इमारत
जीवनचक्र मूल्यांकन
सिमेंट
लॉरी बेकर
हवामानबदल